गौतमला आणायला बोत्स्वानाला

सेलू स्टेशनावर गाडी यायला अवकाश होता. मालक बाकावर बसून बिडी ओढत होते. माझ्या बोचक्यात भाकरीचा तवा बांधलेला होता. त्याला कुणाचा पाय लागू नये म्हणून मी बोचकं मांडीवरच घेऊन बसले होते.

"ध्यानात हाय ना?" मालकांनी विचारलं.

"हाय."

"काय ध्यानात हाय?"

"गौतमला घेऊन यायचं."

"गौतमला, शीलाला आन पोरीला. एकट्या गौतमला न्हाई. तिघंबी."

गौतम माझा आणि मालकांचा एकुलता मुलगा. आफ्रिकेत बोत्स्वाना म्हणून देश आहे, तिथल्या एका गावच्या शाळेत तो विज्ञान शिकवतो. शीला आमची सून आणि सुजाता नात. सुजाता तिकडेच जन्मली. वर्ष संपताना गौतमचा करार संपत होता. पुढे सही करून तिथेच राहायचं की परत यायचं, हे त्याला ठरवायचं होतं. मालकांनी इकडे आधीच ठरवून टाकलं होतं.

आमचं गाव वालूरच्या जवळ आहे. नामांतराच्या दंगलीत आमची वस्ती जळाली. माणसं वाचली. धान्य, कोंबड्या, गौतमची कॉलेजची पुस्तकं, सगळं गेलं. मालक सेलूला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होतेच. आम्ही तिथेच खोली करून राहिलो. पण मालकांनी त्या जळाल्या जागेचा नाद सोडला नाही. थोडं थोडं करत त्यांनी तिथेच दोन खोल्यांचं विटांचं घर उभं केलं. आपण निघून गेलो की जाळणाऱ्याला हवं तेच होतं, असं ते म्हणत. ते खोटं नव्हतं. पण घर झालं आणि राहणार कोण, हा प्रश्न आला. मी सांगून टाकलं होतं, गौतम येत असेल तर मी त्या गावात पाऊल टाकीन, नाहीतर मी सेलूतच बरी. म्हणून मालकांनी मलाच धाडलं. बापाचं बोलणं आईच्या तोंडून आलं तर मुलगा ऐकेल, असा त्यांचा हिशेब.

मनमाडला गाडी बदलून मुंबई गाठली. माझा धाकटा भाऊ विमानतळापर्यंत सोबत होता. तिथून पुढे मला जोसेफ मास्तरांच्या हवाली केलं. हे केरळचे. गौतमच्याच शाळेत गणित शिकवतात आणि सुट्टी संपवून परत निघाले होते. त्यांना मराठी येत नव्हती आणि माझी हिंदी परभणीची. पण मास्तर मोठ्या दिलाचे माणूस. "अम्मा, घबराना नहीं, मैं भी पहिली बार रोया था," असं म्हणून त्यांनी मला केळीचे काप खायला दिले.

विमानाबद्दल सगळे विचारतात म्हणून सांगते. एसटीच्या मागच्या बाकावर बसतात त्यापेक्षा कमी धक्के. वर गेल्यावर खाली ढग दिसतात, ते पिंजलेल्या कापसासारखे. मालकांच्या कपड्यांतून जिनिंगचा कापूस झटकण्यात माझा जन्म गेला, म्हणून मला त्याचं फार कौतुक वाटलं नाही. नैरोबीला विमान बदलायचं होतं. आफ्रिका म्हणजे ऊन असं मी धरून चालले होते. तिथे उतरल्यावर अंगाला कापरं भरलं आणि मास्तरांनी आपला कोट माझ्या अंगावर टाकला.

पुढे झिंबाब्वेत, हरारेला सामान तपासणारी एक धिप्पाड बाई होती. तिने बोचकं सोडायला लावलं. तवा बाहेर काढला, बोटाच्या पेराने वाजवून पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. मी हातांनी भाकरी थापून दाखवली. तिला ते टाळ्या वाजवल्यासारखं वाटलं असावं, कारण तीही टाळ्या वाजवायला लागली. मग कारळाच्या चटणीची पिशवी उघडली. काळी पूड बघून ती गंभीर झाली. नाकाशी नेली आणि शिंकली. दुसऱ्या साहेबाला बोलावलं. त्याने चिमूटभर जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि पुन्हा एक चिमूट घेतली. मास्तर म्हणाले, "जल्दी बांधो अम्मा, नहीं तो ये सब खा जायेगा."

पुढे आगगाडी. बुलावायोला गाडी बदलून आम्ही बोत्स्वानात शिरलो. खिडकीतून सपाट रान दिसत होतं. लाल रेती, काटेरी झुडपं, मधूनच माणसापेक्षा उंच वारुळं. आमच्याकडची काळी माती पायाला धरून ठेवते. ही माती कुणालाच धरत नाही, पाण्यालाही नाही. पश्चिमेकडे हे असंच वाळवंट होत जातं, असं मास्तर म्हणाले.

"देखो अम्मा, इस देश को समुंदर नहीं है."

"हमारे परभनी को बी समंदर कां है, मास्तर?"

"लेकिन परभणी देश नहीं है ना," ते हसून म्हणाले. खिडकीच्या धुळीत त्यांनी बोटाने एक वाटोळा आकार काढला. चारी बाजूंनी दुसऱ्यांच्या जमिनी. खाली दक्षिण आफ्रिका, तिथे गोऱ्यांचं राज्य. आपल्या पासपोर्टावर तर तिथे पाऊल टाकायचीच मनाई होती. डावीकडेही त्याच गोऱ्यांचा ताबा. उजवीकडे आम्ही आलो तो झिंबाब्वे. तेल, मीठ, साबण, गाडीचं चाक, जे काही येईल ते दुसऱ्याच्या देशातून येणार, आणि इथलं मांस जाणार तेही दुसऱ्याच्या बंदरातून. आम्ही बसलो होतो ती गाडीसुद्धा शेजाऱ्याचीच.

मला ते लगेच समजलं. आमच्या वस्तीचं असंच आहे. चारी बाजूंनी दुसऱ्यांची रानं. सडकेला लागायचं तर दुसऱ्याच्या बांधावरून जावं लागतं. पेरणी झाली की रानवाला वाट मोडतो, मग लांबून फेरा. त्या दिवसापासून बोत्स्वाना मला परका वाटला नाही.

महालाप्ये स्टेशनावर गौतम उभा होता. अंगाने भरला होता. शीला पाया पडली. सुजाता आईच्या मागे लपली, मग डोकं बाहेर काढून म्हणाली, "दुमेला, न्कुकू (नमस्कार, आजी)." मी तिला उचलून घेतलं तेव्हा ती मराठीत म्हणाली, "आज्जी, तुझ्या अंगाला धुराचा वास येतो." सेलूचा वास तिला तसा आला.

गाव तिथून आत होतं. वाटेत एक नदी लागली. नदी म्हणजे नुसती रेती. बायका रेतीत खड्डे करून वाटीने पाणी भरत होत्या. उन्हाळ्यात दुधना आटली की आमच्याकडे असाच झिरा काढतात. गौतमने सांगितलं, कितीतरी वर्षं इथे पाऊस धड पडलेला नाही. इथल्या पैशाचं नाव पुला. पुला म्हणजे पाऊस. ज्या देशात रुपयाला पाऊस म्हणतात, तिथली तहान वेगळी सांगायला नको.

गाव मला आवडलं. वाटोळी मातीची घरं, वर गवताचं छप्पर. प्रत्येक घरापुढे लोलवापा (कमरेएवढ्या मातीच्या भिंतीचं अंगण). अंगण शेणामातीने सारवलेलं. नुसतं सारवलेलं नाही, ओलं असताना बोटांनी नक्षी ओढलेली, जशा शेतात नांगराच्या सऱ्या पडतात तशी. शेणात हात घालणाऱ्या बायका तिथेही आहेत हे बघून मला धीर आला.

जेवणाचं सांगते. तिथलं मुख्य धान्य ज्वारी. तिला माबेले म्हणतात. एवढी ज्वारी असून भाकरी कुणालाच माहीत नाही. उखळात कांडून तिचा घट्ट घाटा शिजवतात. कधी पीठ आंबवून करतात, तो आंबट घाटा मला फार आवडला. सोबत रानातली पालेभाजी. एकदा शीलाने वाटीत काहीतरी काळं, सुरकुतलेलं वाळवण ठेवलं. मला वाटलं गवारीच्या शेंगा. चावल्यावर कुरकुरीत, खारट. दोन-चार खाल्ल्या तेव्हा सुजाता म्हणाली, "आज्जी, अळ्या आवडल्या का?" झाडावरच्या अळ्या वाळवून खातात तिथे. मी विचारलं, "मेलेल्या हायत ना?" शीला हसून हसून बेजार झाली.

आणि मांस. दोरीवर मांसाच्या पट्ट्या वाळत घातलेल्या पाहिल्या तेव्हा मी थांबून बघत राहिले. माझ्या लहानपणी आमच्या घरी अशाच चान्या वाळत असत. बाहेरचं कुणी आलं की आई त्यावर कापड टाकायची. धर्म बदलल्यावर आम्ही ते सोडलं. इथे मुख्याध्यापकांच्या दारातच दोरी होती आणि त्यावर कुणी कापड टाकत नव्हतं.

गुरं तिथे माणसांपेक्षा जास्त. लांब शिंगांच्या गाई सडकेवर बसतात आणि मोटारी थांबून राहतात. गौतम मला रोज संध्याकाळी देशाचा इतिहास सांगायचा, शाळेत सांगतात तसा, पायरीपायरीने. इंग्रज आले तेव्हा शेजारच्या गोऱ्या कंपनीला हा मुलूख गिळायचा होता. इथले तीन राजे बोटीत बसून थेट इंग्रजांच्या राणीच्या देशात गेले आणि म्हणाले, आम्हाला त्यांच्या ताब्यात देऊ नका. त्यामुळे राज्य इंग्रजांचं झालं पण जमीन यांची राहिली. इंग्रजांनीही काही केलं नाही. त्यांची कचेरीसुद्धा देशाबाहेर, शेजारच्या मुलखात. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा डांबरी सडक जवळजवळ नव्हती आणि राजधानी नव्याने बांधावी लागली. मग जमिनीत हिरे सापडले. त्या हिऱ्यांतून शाळा झाल्या, दवाखाने झाले आणि शिकवायला माणसं कमी पडली म्हणून आमचा गौतम गेला.

"इंग्रज गेल्यावर सापडले व्हय हिरे?" मी विचारलं.

"गेल्यावरच."

"बरं झालं. आधी सापडले असते तर गेलेच नसते."

हे सगळं बोलणं व्हायचं, पण ज्यासाठी आले ते माझ्या तोंडून निघत नव्हतं. तोही विचारत नव्हता. दोघंही सावलीत बसून हिऱ्यांबद्दल बोलायचो.

शाळेजवळ म्मा तेबोगो राहायची. तेबोगोची आई म्हणून म्मा तेबोगो. बाईला तिच्या लेकराच्या नावाने हाक मारतात तिथे, आपल्यासारखीच. मी म्मा गौतम झाले. एके दिवशी शीलाने मला आणि सुजाताला तिच्याकडे ज्वारीचं पीठ आणायला पाठवलं. मी ठेवणीतलं गडद निळं लुगडं नेसले होते. तिथली रीत अशी, की अंगणाच्या भिंतीबाहेर उभं राहून "को को" म्हणायचं. आतून "त्सेना (आत या)" आलं की मगच आत जायचं. सुजाताने को को म्हटलं, त्सेना आलं आणि ती आत पळाली. मी भिंतीबाहेरच उभी राहिले.

म्मा तेबोगोने पुन्हा बोलावलं. मी हसून मान हलवली. ऊन कडक होतं. तिने भोपळ्याच्या वाडग्यात पाणी आणलं. मी खाली बसले आणि ओंजळ पुढे केली, वरून पाणी ओतावं म्हणून. यात मी काही वेगळं करते आहे असं माझ्या मनातही आलं नाही. अनोळखी दारात पाणी असंच प्यायचं असतं, हे हाताला माहीत होतं. म्मा तेबोगो वाडगा घेऊन तशीच उभी राहिली. मग तिने हळूच माझ्या ओंजळीत पाणी ओतलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तिचे डोळे भरून आले. मला काहीच कळलं नाही.

संध्याकाळी ती नवऱ्याला घेऊन आमच्याकडे आली. हातात एक कोंबडी आणि पिठाची थैली. दोघंही हळू आवाजात बोलत होते. गौतम ऐकत होता आणि त्याचा चेहरा बदलत होता.

"माय, हे लोक भेटायला आलेत. बाबा कधी गेले, इचारायलेत."

"कुठं गेले?"

"वारले कधी, म्हणून."

मी तोंडावर पदर धरला. मग समजलं. तिथे नवरा मेलेली बाई वर्षभर काळं नाहीतर गडद निळं नेसते. कुणाच्या अंगणात शिरत नाही, कुणाच्या भांड्याला हात लावत नाही. माझं निळं लुगडं, माझं भिंतीबाहेर थांबणं, माझी ओंजळ, हे सगळं बघून बाईने मला ताजी विधवा ठरवलं होतं. आमचे मालक तेव्हा सेलूत बिडी ओढत असतील.

"सांग त्यांना, धडधाकट हायत," मी म्हणाले. "चांगले भांडायलेत."

गौतमने सांगितलं. म्मा तेबोगोने आधी सुटकेचा सुस्कारा टाकला आणि मग रागावून काहीतरी विचारलं. सुजाताने लगेच मराठीत सांगितलं, "ती म्हणते, मग आज्जी आत का आली नाही? माझं घर घाण आहे का?"

 इतकी वर्षं तिथे राहून गौतमने कुणाला हे सांगितलं नव्हतं. मग सांगितलं. किती सांगितलं मला माहीत नाही, पण बराच वेळ बोलला. म्मा तेबोगोचा नवरा रा तेबोगो, म्हणजे तेबोगोचा बाप, तो तरुणपणी शेजारच्या गोऱ्यांच्या देशात सोन्याच्या खाणीत कामाला होता. या देशाचे कितीतरी पुरुष तसे जात. तो मान हलवत राहिला.

"तिथे नळ दोन होते," तो म्हणाला. "बाक दोन. दुकानात आम्हाला मागच्या खिडकीतून सामान." मग त्याने माझ्याकडे, गौतमकडे, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "पण तुम्ही तर सगळे एकाच रंगाचे ना?"

"हो," गौतम म्हणाला.

"मग ओळखतात कसं?"

"गल्लीवरून. आडनावावरून."

 "म्हणजे आमच्या गोऱ्यांचं काम फारच सोपं होतं," रा तेबोगो म्हणाला, आणि आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा.

हसण्यात माझी भीड थोडी मोडली असावी. मी गौतमला म्हटलं, याला विचार, असा शेजारी आहे, वाट त्याच्याच हातात, मागे त्या गोऱ्यांचे शिपाई तुमच्या राजधानीत शिरून माणसं मारून गेले म्हणतात, तर तुम्हाला भीती वाटत नाही का?

"वाटते," रा तेबोगो म्हणाला. "पण देश काही बैलगाडीत घालून दुसरीकडे नेता येत नाही, म्मा. आहे तिथेच राहायचं. वाट त्यांच्याकडून घ्यायची, मीठ त्यांच्याकडून आणायचं आणि आपल्या अंगणात आपण बसायचं."

जाताना म्मा तेबोगोने कोंबडी परत नेली. मालक जिवंत आहेत म्हटल्यावर कोंबडीचं कारण उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले. "को को" म्हणाले. "त्सेना" आलं. पदर सावरून मी भिंतीतल्या वाटेने आत पाय टाकला. म्मा तेबोगोने वाडगा भरला, आधी स्वतः एक घोट घेतला आणि मग तोच वाडगा मला दिला. मी दोन्ही हातांनी घेतला. तिथे मोठ्यांकडून काही घ्यायचं तर दोन्ही हात पुढे करतात, तो मान असतो.

मग आमचं जमलं. एके सकाळी आम्ही दोघींनी मिळून तिचं अंगण सारवलं. तिने मला बोटांची नक्षी शिकवली, मी तिला शेणात माती किती घालायची यावरून टोकलं. एकमेकींची भाषा दोघींनाही येत नव्हती, वाद मात्र नीट झाला. दुपारी मी तवा नेला. तिचं कांडलेलं पीठ भरड, त्यामुळे पहिली भाकरी हातातच फुटली. मग पीठ चाळून, उकळत्या पाण्यात मळून थापली. शेजारच्या बायका जमल्या.

"अन्नाला का मारतेस, म्मा?" एकीने विचारलं.

"मार खाल्ला की फुगतं," मी सुजाताकरवी सांगितलं. भाकरी फुगली तेव्हा त्या ओरडल्या आणि मग भांडून खाल्ल्या.

भिंतीबाहेर एक म्हातारा बसला होता. काशे त्याचं नाव. तो तेबोगोंची गुरं रानात सांभाळायचा. वाळवंटात पूर्वीपासून राहणारे लहान चणीचे लोक आहेत, त्यांतला. त्याचं जेवण एका वेगळ्या डब्यात बाहेर दिलं होतं. मला अशा गोष्टी आधी दिसतात. मी सुजाताला विचारायला लावलं, हा आत का येत नाही?

म्मा तेबोगो म्हणाली, "तो रानातला आहे. त्याला बाहेरच बरं वाटतं."

आमच्याबद्दलही गावात हेच म्हणत.  तिच्यावर माझं प्रेम बसलं होतं आणि ते त्या क्षणी कमीही झालं नाही, पण हातातला घास मी खाली ठेवला. तव्यावरची गरम भाकरी घेऊन मी बाहेर गेले आणि काशेजवळ जमिनीवर बसले. त्याने दोन्ही हातांनी भाकरी घेतली. म्मा तेबोगो भिंतीआडून बघत होती. थोड्या वेळाने ती पाण्याचा वाडगा घेऊन स्वतः बाहेर आली. तो मला दिला की त्याला दिला, कळलं नाही. मी एक घोट घेतला आणि वाडगा काशेच्या हातात दिला. ती तिथेच उभी राहिली. तो पिऊन झाल्यावर तिने वाडगा उचलला आणि आत नेला. नुसता विसळला की घासला, ते मी पाहिलं नाही. पाहायचं नाही असं ठरवलं होतं.

माझी निघायची वेळ जवळ आली. एका सकाळी गौतम मला आणि सुजाताला घेऊन नदीच्या रेतीत गेला. सुजाता पुढे पळाली, तिथल्या पोरींबरोबर झिरा उकरायला बसली.

"बाबांनी तुला कशाला धाडलं, ठाऊक हाय मला," गौतम म्हणाला.

"मंग इतके दिवस गप का बसलास?"

"तू बोलशील म्हणून वाट बघायलो होतो."

"मी तू बोलशील म्हणून."

तो हसला. मग रेतीत बसला. "माय, तू म्हणलीस तर येतो. सही करत न्हाई. घर जाळलं त्याचा राग आता तितका न्हाई. माझ्यासाठी म्हणत न्हाई मी. पण ही पोरगी बघ. कुठं थांबायचं आसतं, हे तिला ठाऊकच न्हाई. को को म्हणती आन कुणाच्याबी घरात जाती. तिथं आल्यावर तिला ते शिकवावं लागल. कोण शिकवणार? शीला? मी? का तू?"

पोरींनी झिरा फोडला होता. पाणी वर येत होतं. एकीने ओंजळ भरली, सुजाताने तिच्याच ओंजळीला तोंड लावलं.

कुठे थांबायचं, ते मला माझ्या आईने शिकवलं होतं. मी एवढीच होते. रेल्वेच्या वस्तीत राहून मी शाळेत जात होते, चौथीपर्यंत गेले, तरी ते शिकावंच लागलं. आईने एकाच चापटीत शिकवलं आणि मग दिवसभर तीच रडली. ती चापट आता माझ्या हाताने द्यायची होती.

"सही कर," मी म्हणाले.

"आन बाबा?"

"बाबांचं मी बघते."

"लय चिडतील."

"चिडू दे. इथल्या लोकांनी तर त्यांना मारूनच टाकलं व्हतं."

निघताना म्मा तेबोगोने मला पुन्हा कोंबडी देऊ केली. या वेळी जिवंत माणसासाठी. विमानात नेता येत नाही हे तिला पटेना. शेवटी ती आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ली. जोसेफ मास्तरांनी मला हरारेपर्यंत पोचवलं आणि पुढे एका गुजराती कुटुंबाच्या सोबतीला दिलं. परतीच्या वाटेवर मी खिडकीबाहेर फारसं पाहिलं नाही. गौतमच्या तिथे राहण्याबद्दल माझ्या मनात काही किंतू उरला नव्हता. उरलं होतं ते घर. मालकांनी विटेवर वीट ठेवून बांधलेलं, आणि त्यात कुणीच नाही.

सेलूला गाडी थांबली. मी उतरले. मालक माझ्याकडे न बघता माझ्या मागे डब्याच्या दाराकडे बघत होते.

"मागून उतरायलेत का?"

"न्हाई. मी एकलीच हाय."

त्यांनी बोचकं घेतलं आणि पुढे चालू लागले. खोलीवर आलो. मी चहा ठेवला आणि सगळं सांगितलं. म्मा तेबोगोची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. सुजाताचं सांगितलं तेव्हा ते खाली बघत राहिले. चहा निवला.

"मंग मी घर बांधलं ते कुणासाठी? कुत्र्यामांजरासाठी?"

"आपल्यासाठी. मी येते."

"तू? तू तर म्हणली व्हतीस, गौतम आला तरच."

"म्हणले व्हते. आता तो न्हाई आला तरी येते."

"आन भ्या?"

"भ्या हाय. घेऊनच येते संगं."

मालकांनी निवलेला चहा पिऊन टाकला. "आफ्रिकेला धाडायची अकल मला आधीच यायला पायजे व्हती," ते म्हणाले.

आता आम्ही गावातच राहतो. मालक सायकलवर सेलूला जिनिंगला जातात. पेरणी झाली की वाट अजूनही मोडते. रात्री झोप कधी लागते, कधी लागत नाही. दुपारी बायका येतात, आफ्रिकेचं विचारतात. तिकडे माणसं माणसाला खातात का, असं एकीने विचारलं होतं. मी सांगते, तो देश चारी बाजूंनी दुसऱ्यांच्या जमिनीत अडकलेला आहे, त्याला समुद्र नाही, पाऊस नाही, तरी तिथल्या बाईच्या अंगणात मी पाणी प्यायले आणि तिने माझ्या जिवंत नवऱ्यासाठी डोळ्यात पाणी आणलं. आपल्या गल्लीतल्या बायका आत येऊन बसतात. वरच्या गल्लीतल्या एक-दोघी भिंतीशी उभ्या राहूनच ऐकतात. त्यांनाही मी आत या म्हणते.

मोठ्या सुट्टीत गौतम सगळ्यांना घेऊन येणार आहे. सुजाता आली की पहिल्याच दिवशी गावभर हिंडेल, दिसेल त्या दारात जाईल. मालकांनी परवा जेवताना तोच विषय काढला. तिला काही सांगून ठेवायचं का, असं विचारत होते. मी म्हणाले, काही सांगायचं नाही.

"आन कुणी हटकलं तर?"

"तर मी हाय की वट्यावर बसलेली."